मेलबॉक्स भरलाय, जुने मेल उडवू का?

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत (धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात) डिस्पॅच आणि बिलिंग बघणाऱ्या गृहस्थांचा प्रश्न आहे. ऑफिसचा मेलबॉक्स फुल्ल झालाय. मालक म्हणतात, दोन वर्षांमागचं सगळं उडवून टाक. सीए म्हणतात, कशालाही हात लावू नका. मेलची व्यवस्था बघणारा म्हणतो, काय ठेवायचं हे माझ्याकडे येत नाही. उद्या ऑडिटमध्ये एखादा मेल सापडला नाही तर ते माझ्या अंगावर येणार का? शिवाय सोडून गेलेल्या क्लार्कचा जुना पीसी कोपऱ्यात पडलाय, त्यातल्या मेलचं काय करू?

आधी उत्तर देतो, कारणं मागाहून. तारीख बघून काहीही उडवू नका. अंगावर येईल का, तर तोंडी हुकमावर उडवलंत तर येईल. मेल तुमच्या लॉगिनमधून गेलेला असतो आणि मालकांचं बोलणं कुठेच लिहिलेलं नसतं. सीएंचं म्हणणं त्यांच्या जागी बरोबर आहे, पण "काहीच उडवू नका" म्हणजे नियम नव्हे, ती फक्त काळजी आहे. आणि मेलवाला म्हणतो ते अर्धं खरं आहे.

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या लहान कारखान्यांची आणि पतसंस्थांची मेलची कामं मी बरीच वर्षं बघतोय. बहुतेक ठिकाणी भांडण जागेवरून सुरू होतं आणि शेवटी कळतं की मुद्दा जागेचा नव्हताच.

तरी आजची अडचण आधी सोडवू, कारण ती खरी आहे. फुकटच्या जीमेलवर किंवा होस्टिंगवाल्याच्या मेलवर कोटा संपला की येणारा मेल पाठवणाऱ्याकडे परत जातो. तुमच्या गिऱ्हाइकाने पाठवलेली रिजेक्शनची नोटीस परत गेली तर ती आली होती हेसुद्धा तुम्हाला कळत नाही. म्हणून आज जागा करायचीच, पण जिथे धोका नाही तिथून.

मेल आकाराप्रमाणे लावून बघा. आउटलुकमध्ये साइजवर क्लिक केलं की होतं, जीमेलमध्ये शोधपट्टीच्या उजव्या टोकाच्या चिन्हातून आकार टाकता येतो. बहुतेक जागा थोड्याच मेलनी खाल्लेली दिसेल, आणि त्यातले निम्मेअधिक सेंट आयटम्समध्ये असतील. तिकडे कोणी बघतच नाही. अटॅचमेंट मेलमधून जाताना मजकुराच्या रूपात बदलून जाते, त्यामुळे तिचा आकार साधारण एक तृतीयांशाने फुगतो. ६ एमबीचं ड्रॉइंग मेलबॉक्समध्ये ८ एमबीचं होऊन बसतं. तेच ड्रॉइंग ऑफिसातल्या पाच जणांना पाठवलं की साधारणपणे पाच खोक्यांत, म्हणजे मेलबॉक्सांत, पाच प्रती, शिवाय तुमची सहावी. ब्लोहोलचे (कास्टिंगमध्ये हवेने पडलेल्या पोकळ्यांचे) फोटो तर विचारूच नका. मोबाइलवरून काढलेले दहा फोटो जसेच्या तसे चिकटवायचे आणि वर "प्लीज फाइंड अटॅच्ड". ऑफिसात आपसात फाइल द्यायची असेल तर ती सर्व्हरवर ठेवा आणि मेलमध्ये फक्त तिचा पत्ता पाठवा. एवढ्या एका सवयीने मेलबॉक्स वाढायचा वेग निम्म्यावर येतो, असं माझं निरीक्षण आहे.

फुकटच्या जीमेलची १५ जीबी जागा एकट्या मेलची नसते, ड्राइव्ह आणि फोटोसुद्धा तीच वापरतात. ऑफिसचं खातं कोणाच्या तरी मोबाइलवर घातलेलं असतं आणि फोटोंचा बॅकअप चालू असतो. मग गणपतीचे, पोरांच्या गॅदरिंगचे, आंबोलीच्या सहलीचे व्हिडिओ कंपनीच्या मेलची जागा खात राहतात. हे आधी तपासा. मग स्पॅम, ट्रॅश, दिवाळीच्या शुभेच्छांची अवजड चित्रं, बँकांच्या जाहिराती, इंडियामार्टवरच्या फुटकळ चौकशा, ट्रेनिंगची आमंत्रणं. हे आज उडवायला कोणाला विचारायची गरज नाही. ट्रॅश रिकामा करण्यापूर्वी मात्र एकदा नजर टाका, काही लोक ट्रॅशलाच जुनं दप्तर समजून त्यात मेल "ठेवत" असतात. खरंच.

कोणी आधीच काही उडवून बसलं असेल तर आजच्या आज बोला. जीमेलच्या ट्रॅशमधला मेल ३० दिवसांनी जातो. गूगलची पगारी सेवा असेल तर त्यानंतर आणखी २५ दिवस अॅडमिनला तो परत आणता येतो. मायक्रोसॉफ्टच्या सेवेत डिलीटेड आयटम्समधूनही काढलेला मेल साधारणपणे १४ दिवस परत मिळतो, सेटिंग बदललं तर ३० दिवसांपर्यंत. त्यापुढे हळहळण्याशिवाय काही उरत नाही.

आता मूळ मुद्दा, म्हणजे दोन वर्षांची रेघ.

व्यापारी पेढीत एक वेळ वर्षांवरून चाळण लावता येईल. फौंड्रीत नाही, कारण इथे कागदाचं आयुष्य कास्टिंगच्या (ओतीव भागाच्या) आयुष्याला बांधलेलं असतं. वाहन उद्योगाला माल देणाऱ्यांना आयएटीएफ १६९४९ हे गुणवत्तेचं मानक लागू असेल, तर त्यातली अट स्पष्ट आहे: पार्ट उत्पादनात आणि सर्व्हिससाठी चालू आहे तोपर्यंत आणि त्यावर एक कॅलेंडर वर्ष नोंदी ठेवायच्या. गिऱ्हाइकाने किंवा कायद्याने वेगळं सांगितलं असेल तर ते. पीपॅपच्या मंजुऱ्या (नवा पार्ट चालू करण्याआधी गिऱ्हाइकाने दिलेल्या), टूलिंगचे कागद, डिझाइनच्या नोंदी, पर्चेस ऑर्डर (पीओ) आणि त्यांच्या दुरुस्त्या या सगळ्याला हे लागतं. ट्रॅक्टरचं किंवा पंपाचं एखादं हाउसिंग पंधरा-पंधरा वर्षं चालतं. त्याच्या ड्रॉइंगचं रिव्हिजन बदलल्याचा २०१२ सालचा मेल आजही जिवंत कागद आहे आणि गेल्या महिन्यातला "ट्रक निघाला काय?" हा मेल आज रद्दी आहे. तारखेची चाळणी लावली तर नेमकं उलटं होतं: रद्दी राहते, कागद जातो.

त्यातही सगळ्यात नाजूक चीज म्हणजे डेव्हिएशनचा मेल. कास्टिंगची हार्डनेस ड्रॉइंगपेक्षा थोडी वर आली आहे. गिऱ्हाइकाची लाइन थांबायच्या बेतात आहे. चाकणचा किंवा शिरोलीचा त्यांचा क्वालिटीवाला रात्री मेल टाकतो की, "हा लॉट चालेल, पाठवा." तुम्ही पाठवता. दोन वर्षांनी मशीनिंगच्या किंवा वॉरंटीच्या तक्रारीवरून डेबिट नोट येते. तोवर तो क्वालिटीवाला नोकरी सोडून गेलेला, त्याच्या कंपनीने त्याचा मेलबॉक्स बंद केलेला. तो दोन ओळींचा मेल जगात एकाच ठिकाणी आहे, तुमच्या डिस्पॅचच्या खोक्यात. विषयाच्या ओळीत ना पार्ट नंबर, ना हीट नंबर (एका वेळी वितळवलेल्या धातूचा क्रमांक), नुसतं "आरई: आरई: अर्जंट". मालकांनी उडव म्हटलेल्या ढिगात हाच असतो.

म्हणून असा मेल आला की त्याच दिवशी तो पार्टच्या फोल्डरमध्ये जाऊ द्या. नावात आधी तारीख, वर्ष-महिना-दिवस या क्रमाने, मग पार्ट नंबर, हीट नंबर आणि "डेव्हिएशन मंजूर". माणसांच्या नावाचे फोल्डर करू नका. माणसं पुण्याला जातात, बेंगळुरूला जातात, पार्ट नंबर इथेच राहतो. आणि मंजुरी व्हॉट्सअॅपवर आली असेल, जी हल्ली निम्म्या वेळा तिथेच येते, तर लगेच मेल टाका: "आपण आत्ता व्हॉट्सअॅपवर कळवल्याप्रमाणे अमुक हीटचा माल पाठवत आहोत." पलीकडून उत्तर नाही आलं तरी तुमच्या बाजूने त्याच दिवसाची लेखी नोंद झाली.

बिलांकडची बाजू तुलनेने सोपी आहे, तिथे कायद्याने आकडे दिलेत. जीएसटीच्या कलम ३६ प्रमाणे हिशेबाची दप्तरं त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने ठेवायची. २०२४-२५ चं विवरणपत्र भरायची तारीख ३१ डिसेंबर २०२५, म्हणजे ते कागद ३१ डिसेंबर २०३१ पर्यंत. अपील किंवा चौकशी चालू असेल तर निकालानंतर एक वर्ष किंवा ही मुदत, जे उशिरा संपेल ते. तुमची फर्म प्रायव्हेट लिमिटेड असेल तर २०१३ च्या कंपनी कायद्याप्रमाणे हिशेबाची पुस्तकं आणि व्हाउचर ८ आर्थिक वर्षं. भागीदारी असेल तर ते कलम लागत नाही. मेल म्हणजे हिशेबाचं पुस्तक नव्हे, हे खरं. पण दरातला फरक, क्रेडिट नोट, कोल्हापूरच्या पुरवठादाराने बिल दुरुस्त करून पाठवलेलं पत्र, यांचा पुरावा मेलमध्येच असतो आणि व्हाउचरला जोडायचा कागद म्हणजे तोच. तो पीडीएफ करून व्हाउचरबरोबर लावला तर मेलबॉक्सवरचं निम्मं ओझं उतरतं.

उधारीचा एक मुद्दा लोकांना माहीत नसतो. येणे रकमेच्या दाव्याची मुदत साधारण ३ वर्षं. ती संपायच्या आत देणेकऱ्याने लेखी कबुली दिली तर तिथून मुदत नव्याने सुरू होते. अशी कबुली ईमेलवर दिलेली असली तरी चालते, असं कर्नाटक उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये म्हटलंय. म्हणजे तुम्ही मार्चअखेर खातेउतारा पाठवता आणि पलीकडचा अकाउंटंट "बॅलन्स बरोबर आहे" एवढं लिहून पाठवतो, तो एक ओळीचा मेल लाखाचा असतो. दोन वर्षांची रेघ मारली तर तोही गेला.

आता ठेवायचा म्हणजे कसा ठेवायचा? २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ७ सांगतं की इलेक्ट्रॉनिक नोंद पुढे उघडता आली पाहिजे, मूळ रूपात किंवा मूळ मजकूर अचूक दिसेल अशा रूपात असली पाहिजे, आणि ती कुठून आली, कुठे गेली, कधी, हे तपशील टिकले पाहिजेत. छापील प्रत रोजच्या कामाला चालते, वादात ती कमी पडते. स्क्रीनशॉटची गत त्याहून वाईट. दुसऱ्या खात्यावर फॉरवर्ड करून ठेवणं हाही इथला आवडता उपाय आहे, पण फॉरवर्ड केलेला मेल हा तुम्ही पाठवलेला नवा मेल असतो, मूळ मेलचा प्रवास त्यात उरत नाही. महत्त्वाचा मेल मूळ फाइल म्हणून उतरवून ठेवा, जीमेलमध्ये "डाउनलोड मेसेज", आउटलुकमध्ये "सेव्ह अॅज", आणि खोक्यातला मूळ मेलही राहू द्या.

न्यायालयात गेलं तर इलेक्ट्रॉनिक नोंदीबरोबर प्रमाणपत्र लागतं. जालन्याच्या निवडणुकीवरच्या अर्जुन खोतकर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये ते सक्तीचं असल्याचं स्पष्ट केलं. मूळ यंत्रच न्यायालयापुढे ठेवलं तर गोष्ट वेगळी. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ लागू आहे. त्यात प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत, एक नोंद सादर करणाऱ्याचा आणि दुसरा तज्ज्ञाचा, आणि फाइलची हॅश व्हॅल्यू (फाइलच्या मजकुरावरून निघणारा तिचा ओळख-क्रमांक) द्यावी लागते. हे वकील बघतील. तुम्ही एवढंच बघायचं की त्यांच्या हातात द्यायला मूळ फाइल आहे.

काही गोष्टी उलट ठेवायच्याच नसतात. कंत्राटी कामगारांचे आधार, पासबुकाचे फोटो, पॅन, वैद्यकीय कागद एचआरच्या नाहीतर तुमच्याच खोक्यात वर्षानुवर्षं पडून असतात. पीएफ-ईएसआयचं काम झालं, कागद योग्य फाइलला लागला, की मेलमधली प्रत काढा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचा रोख हाच आहे: काम संपलं आणि दुसऱ्या कायद्याने ठेवायला सांगितलेलं नसेल तर वैयक्तिक माहिती जवळ बाळगायची नाही. पतसंस्थांमध्ये हे जास्त दिसतं, एका कर्जाची केवायसी चार जणांच्या मेलमध्ये.

मग जबाबदारी कोणाची? माझ्या मते अशी वाटणी करावी. बाहेरून आलेला मेल ज्याच्या कामाचा, त्याने फाइल करायचा. सीसीमध्ये असलेल्यांनी तो बेलाशक उडवावा. बाहेर गेलेला मेल पाठवणाऱ्याचा, ऑफिसातल्या ऑफिसात फिरलेलाही पाठवणाऱ्याचाच. मेलच्या व्यवस्थेवाल्याने कोटा, बॅकअप, परत आणणं आणि खाती बंद करणं सांभाळायचं. कुठला मेल डेव्हिएशनचा आहे हे त्याला कळणार नाही, आणि कळावं अशी अपेक्षाही चूक आहे. पण "माझ्याकडे येत नाही" म्हणून त्याला पूर्ण सुटता येत नाही, कारण बॅकअप परत उघडून दाखवणं त्याच्याचकडे येतं. दर तीन महिन्यांनी त्याला एक जुना मेल मागा आणि बघा आणतो का. किती वर्षं ठेवायचं हे सीए आणि क्वालिटी हेड यांनी सांगायचं, आणि त्यावर सही मालकांची. हे सगळं एका पानात बसतं. पाच पानांची पॉलिसी कोणी वाचत नाही, ऑडिटर सोडून.

मालकांना तोंडावर "लिहून द्या" म्हणणं अवघड जातं, ठाऊक आहे. आपल्याकडे ते उद्धटपणात जमा होतं. मग तुम्हीच लिहा आणि त्यांना पाठवा: "जागेसाठी जुने मेल काढण्याबाबत आपण सांगितलंत. जाहिराती, शुभेच्छा, सीसीमधले मेल आज काढले. ड्रॉइंग, डेव्हिएशन, पीओ, येणी आणि जीएसटीचे मेल वेगळे काढून सर्व्हरवर ठेवतो आहे. बाकीच्यांबाबत सीए आणि क्वालिटी हेड यांच्याशी बोलून आपण कळवावं, तोपर्यंत काढत नाही." भाषा नम्र आहे आणि काम होतं. बहुतेक मालक यावर "ठीक आहे" एवढंच उत्तर देतात. तेवढं पुरे. तो मेल मात्र जपून ठेवा!

जागा विकत घ्यावी का? एका-दोघांपुरता प्रश्न असेल तर खुशाल घ्या, तुमचे आठ दिवस चाळण्यात घालवण्यापेक्षा ते स्वस्त पडतं. मायक्रोसॉफ्टच्या साध्या प्लॅनमध्ये निदान ५० जीबीचा खोका येतो, गूगलच्या सुरुवातीच्या पगारी प्लॅनमध्ये माणशी ३० जीबी, आणि ती सगळ्यांची मिळून एकत्र धरतात. फुकटच्या जीमेलवर कंपनी चालवणाऱ्यांना तर मी जागेसाठी नव्हे, मालकीसाठी पगारी सेवा घ्यायला सांगतो. त्या खात्याचा रिकव्हरी नंबर कोणाचा आहे ते आजच बघा. तो चार वर्षांपूर्वी सोडून गेलेल्या माणसाचा निघाला, तर ओटीपीसाठी त्याला फोन करायची पाळी येते, आणि तो दुबईला असतो.

माणूस सोडून जातो तेव्हा खर्च वाचवायला त्याचं खातं लगेच बंद करण्याची घाई असते. गूगलमध्ये काढलेलं खातं २० दिवसांत परत आणता येतं, मायक्रोसॉफ्टमध्ये ३० दिवसांत. नंतर नाही. शेवटच्या पगाराआधी हँडओव्हरच्या यादीत मेलचा खोका घाला, चाव्या आणि लॅपटॉपच्या शेजारीच.

शोधताना आपल्या भागाची एक वेगळी अडचण आहे. १ नोव्हेंबर २०१४ ला बेळगाव शहराचं इंग्रजी स्पेलिंग अधिकृतपणे बदलून Belgaum चं Belagavi झालं, त्यामुळे पत्त्यावरून जुने मेल शोधायचे तर दोन्ही स्पेलिंग टाकावी लागतात. हेस्कॉम (वीज कंपनी), प्रदूषण मंडळ, फॅक्टरी खातं यांची पत्रं कन्नडमध्ये येतात, बऱ्याचदा स्कॅन केलेली, म्हणजे शोधात त्यातला मजकूर सापडेल याची खात्री नाही. ती उतरवताना फाइलला खात्याचं नाव, विषय आणि तारीख तुम्ही नेहमी वापरता त्या लिपीत द्या. ज्याला कन्नड वाचता येतं त्याच्याकडून त्याच दिवशी विषय विचारून घ्या. वर्षाने तोही सुट्टीवर असतो.

राहिला कोपऱ्यातला पीसी. तो चालू करून आउटलुक उघडायच्या भानगडीत पडू नका. तो बहुधा पॉप पद्धतीने मेल खेचत असणार, म्हणजे मेल सर्व्हरवरून उतरून त्या एकाच डिस्कवर एका पीएसटी फाइलमध्ये बसलेत, आणि सर्व्हरवर त्यांची प्रत नाही. पासवर्ड अजून तोच असेल तर उघडताक्षणी तो आजचे मेलसुद्धा ओढून घेईल. मेलवाल्याला बोलवा, नेटची वायर काढा, डिस्क बाहेर काढून पीएसटी फाइलची आधी प्रत करा आणि जे काय करायचं ते प्रतीवर करा. फाइल फार जुन्या आउटलुकची असेल तर तिची मर्यादा २ जीबी होती. तिथपर्यंत भरलेल्या फाइली बिघडलेल्या निघतात, त्यासाठी आउटलुकबरोबर दुरुस्तीचं साधन येतं, तेही प्रतीवरच चालवा. नव्या आवृत्त्यांची मर्यादा ५० जीबी आहे. फाइल सर्व्हरवर ठेवून नेटवर्कवरून उघडायची सोय कोणी सुचवली तर नको म्हणा, मायक्रोसॉफ्टच ते टाळायला सांगतं. एक प्रत ऑफिसात, एक प्रत दुसऱ्या इमारतीत. दूधगंगा-वेदगंगेकाठच्या गावांत ज्यांनी २०१९ आणि २०२१ चं पाणी पाहिलंय त्यांना दुसरी इमारत का, हे सांगावं लागत नाही.

प्रत उघडली की सगळं वाचत बसू नका. चालू पार्ट नंबरची यादी घ्या, एकेक नंबर टाकून शोधा, जे सापडेल ते पार्टच्या फोल्डरला लावा. मग ज्यांची येणी बाकी आहेत त्या गिऱ्हाइकांची नावं टाका. बाकीची फाइल तशीच बंद करून ठेवा, बाहेर चिठ्ठी लावून: कोणाची, कुठल्या वर्षापासून कुठपर्यंत, आणि पासवर्ड कोणाकडे.